तेविसाव्या पर्वाची कैफियत

‘डॉक्टर हू’ ही बी.बी.सी.ची विज्ञानकल्पित मालिका १९६३ च्या नोव्हेंबरात सुरू झाली, सव्वीस पर्वे चालली आणि १९८९ च्या ६ डिसेंबरला निमूटपणे बंद पडली. आणि तेव्हापासून आजतागायत तिच्या मरणाचा पंचनामा करावयास बसलेल्या बहुतेक मंडळींनी मरणाचे कारण म्हणून एकाच जागेकडे बोट दाखविले आहे. ती जागा म्हणजे त्याच तारखेला, परंतु तीन वर्षे आधी, १९८६ साली संपलेले तिचे तेविसावे पर्व, ‘द ट्रायल ऑफ अ टाइम लॉर्ड’. या पर्वाने मालिकेच्या नरड्याला नख लावले, त्यातील नायक कॉलिन बेकर हा त्या भूमिकेला अपात्र होता, प्रेक्षक कंटाळून उठून गेले आणि मग वरिष्ठांना दुसरा इलाज उरला नाही, असा हा सर्वसंमत निकाल आहे. आणि तो इतक्या वेळा वाचून दाखविला गेला आहे की त्यावर अपील करणारा मनुष्य हट्टी तरी ठरतो किंवा भोळा तरी. मी दोन्ही दूषणे पत्करून हे अपील दाखल करीत आहे.

ज्या वाचकांचा या मालिकेशी परिचय नाही त्यांच्यासाठी दोन शब्द आवश्यक आहेत. डॉक्टर हा गॅलिफ्रे नावाच्या ग्रहावरचा, कालाधिपतींच्या अतिप्राचीन व अतिगर्विष्ठ जमातीतला एक पळपुटा. टार्डिस नावाच्या, बाहेरून पोलिसांच्या निळ्या टेलिफोन-खोक्यासारख्या दिसणाऱ्या आणि आतून अफाट असणाऱ्या यानातून तो काळाच्या व अवकाशाच्या वाटेल त्या कोपऱ्यात हिंडतो, दिसेल त्या अन्यायात हात घालतो, आणि मरणाच्या दारी पोचला की त्याची काया पालटून तो नवा मनुष्य होतो. या शेवटच्या युक्तीमुळे नट बदलला तरी नायक तोच राहतो. कॉलिन बेकर हा असा सहावा डॉक्टर. तेविसाव्या पर्वात कालाधिपती त्याला वाटेतून उचलून एका न्यायासनापुढे उभा करतात, आणि दुसऱ्यांच्या कारभारात ढवळाढवळ केल्याच्या आरोपावरून त्याच्यावर चौदा भाग चालणारा खटला भरतात. पुरावा म्हणून त्याच्याच साहसांची चित्रे भर न्यायालयात पडद्यावर दाखविली जातात. मालिकेवर वरिष्ठांची इतराजी झालेली असताना मालिकेनेच नायकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करावे, हा योगायोग नव्हता. निर्माते जॉन नेथन-टर्नर आणि संहिता-संपादक एरिक सॉवर्ड यांना आपण कोठे उभे आहोत हे पुरते ठाऊक होते. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ पाहिलेल्या मराठी माणसाला खोट्या खटल्यातून खरा खटला कसा डोके वर काढतो हे निराळे सांगावयास नको.

आता खऱ्या खटल्याची कागदपत्रे पाहू. बाविसावे पर्व १९८५ च्या जानेवारीपासून मार्चअखेरपर्यंत, दर शनिवारी पंचेचाळीस मिनिटांचा एक भाग याप्रमाणे तेरा भाग दाखविले गेले. ते अजून चालू असतानाच, फेब्रुवारीच्या अखेरीस, बी.बी.सी.च्या पहिल्या वाहिनीचे नियंत्रक मायकेल ग्रेड यांनी पुढील पर्व तहकूब केल्याचे जाहीर झाले. कारण काय, तर कधी पैशाची तंगी, कधी हिंसाचाराचा अतिरेक, कधी मालिकेला आलेला शिळेपणा. त्याच महिन्याच्या १९ तारखेला ‘ईस्टएंडर्स’ ही नवी दैनंदिन जीवनाची मालिका सुरू झाली होती आणि वाहिनीचा पैसा व जीव तिच्यात गुंतला होता, हेही येथे नोंदविलेले बरे. एका आरोपाला उत्तर मिळेपर्यंत दुसरा पुढे करावयाचा, ही फिर्यादीची पद्धत पुढे त्या काल्पनिक न्यायालयातही आपल्याला भेटणार आहे. वृत्तपत्रांनी गिल्ला केला. चाहत्यांच्या बाजूने काही गायक-नटांनी मालिकेच्या बचावार्थ एक ध्वनिमुद्रिका काढली. ती ऐकल्यावर मात्र, खोटे कशाला बोला, ग्रेडसाहेबांविषयी क्षणभर सहानुभूती वाटते.

तहकुबी अठरा महिन्यांच्या आसपास चालली. त्या अवधीत रेडिओवर झालेली एक लहानशी मालिका सोडल्यास डॉक्टरचा आवाज कोणाच्या कानी पडला नाही. पुढील पर्वासाठी लिहावयास दिलेल्या कथा, ज्यांत माजी निर्माते ग्रॅहम विल्यम्स यांचीही एक होती, गुंडाळून ठेवण्यात आल्या. आणि शेवटी मालिका परत आणावयाची परवानगी मिळाली ती कशी? भाग चौदा, पण प्रत्येकी पंचवीस मिनिटांचे. तेरा गुणिले पंचेचाळीस म्हणजे ५८५ मिनिटे. चौदा गुणिले पंचवीस म्हणजे ३५०. दहातली चार मिनिटे कापून घ्यावयाची, वर हिंसा कमी करा व विनोद वाढवा असा हुकूम सोडावयाचा, आणि मग उरलेल्या सहा मिनिटांत पूर्वीचा कस का नाही म्हणून जाब विचारावयाचा, याला आपल्याकडे काय म्हणतात ते वाचकांना ठाऊक आहे.

प्रेक्षक उठून गेले, हा फिर्यादीचा हुकमी मुद्दा. आणि आकड्यांचा पुरावा हा खरोखरच प्रथमदर्शनी जबर दिसतो. बाविसाव्या पर्वाला सरासरी सत्तर लाखांच्या घरात प्रेक्षक होते, तेविसाव्याला पन्नास लाखही नाहीत. परंतु आकडे नुसते वाचावयाचे नसतात, ते कोणत्या क्रमाने आले तेही पाहावयाचे असते. तेविसाव्या पर्वाचा पहिलाच भाग सुमारे एकोणपन्नास लाख लोकांनी पाहिला. म्हणजे जी गळती झाली ती पर्व सुरू होण्यापूर्वीच झाली होती; ज्या वीस लाखांनी पाठ फिरविली त्यांनी या पर्वातले एक दृश्यही पाहिलेले नव्हते. पदार्थ चाखण्यापूर्वीच पानावरून उठलेल्या मंडळींची संख्या आचाऱ्याच्या नावावर मांडणे हा कोणता हिशेब? अठरा महिने दुकानाला कुलूप लावले, तेवढ्यात गिऱ्हाइके समोरच्या दुकानात जाऊ लागली (समोरच्या दुकानात, म्हणजे आय.टी.व्ही.वर, ‘द ए-टीम’ नावाचा अमेरिकन माल मांडलेला होता), आणि दुकान उघडल्यावर गल्ला कमी भरला म्हणून मालाला नावे ठेवली.

बरे, पुढे काय झाले? चौथ्या भागाला आकडा सदतीस लाखांपर्यंत घसरला हे मी लपवीत नाही. पण त्यानंतर तो चढउतार करीत का होईना, वर गेला, आणि सर्वांत अधिक प्रेक्षक, म्हणजे छप्पन्न लाख, लाभले ते चौदाव्या भागाला. ज्या भागाला टीकाकार या पर्वाची, किंबहुना साऱ्या मालिकेची नामुष्की समजतात, तोच नेमका या पर्वातला सर्वांत अधिक पाहिला गेलेला भाग आहे. चौदा शनिवार ओळीने एकच कथा पाहावयास लावूनही शेवटच्या शनिवारी पहिल्यापेक्षा सात लाख माणसे जास्त बसलेली असतील, तर प्रेक्षक कंटाळून उठून गेले हे विधान शाबीत झाले असे कोणता मुनसफ म्हणेल?

आणि याहून मोठा पुरावा पुढच्या वर्षाचा आहे. वरिष्ठांच्या हुकमावरून कॉलिन बेकरला दूर करण्यात आले. १९८७ च्या सप्टेंबरात सिल्व्हेस्टर मॅकॉय हा नवा डॉक्टर आला. पण नवा नट, नवा संहिता-संपादक, नवी धाटणी असे सगळे नवे होऊनही सरासरी पुन्हा पन्नास लाखांच्या आसपासच राहिली. कारण या वेळी मालिका शनिवार सोडून सोमवारी, थेट ‘कॉरोनेशन स्ट्रीट’च्या समोर ठेवण्यात आली होती. ब्रिटनमधल्या सर्वांत लोकप्रिय मालिकांपैकी एकीसमोर आपली मालिका मांडणे म्हणजे काय, याचा अर्थ न कळण्याइतके ते अधिकारी अजाण नव्हते. १९८९ चे पर्व तर एकतीस लाखांवर सुरू झाले. तेव्हा दोष जर त्या एका नटाचा असता, तर नट गेल्यावर तो जावयास हवा होता. रोग तसाच राहिला आणि पेशंट मात्र बदलला, तेव्हा निदानच चुकले होते हे कबूल करावयाचे की नाही?

येथपर्यंत मी बाह्य पुराव्याविषयी बोललो. परंतु केवळ कारभाऱ्यांची चूक दाखविल्याने कलाकृती चांगली ठरत नाही, हे मीही जाणतो. दुष्काळात पेरलेले पीक वाईट आले तर त्याला दुष्काळ कारण असला तरी दाणा बारीक तो बारीकच. म्हणून हे पर्व मी अलीकडे पुन्हा एकवार, पहिल्या दृश्यापासून शेवटच्यापर्यंत, सलग पाहिले. पूर्वीच्या मताला दुजोरा मिळेल अशी माझी अपेक्षा होती, कारण मीही पूर्वी फिर्यादीच्याच बाकावर बसत असे.

पहिलेच दृश्य पाहा. काळ्याभोर अवकाशात एक प्रचंड स्थानक तरंगत आहे, कॅथीड्रलसारखे, बुरुजांचे, मनोऱ्यांचे. कॅमेरा दुरून त्याच्या दिशेने वळत, घिरटी घेत, त्याच्या अंगाखांद्यावरून सरकत जातो. वीज चमकावी तसा एक निळा झोत आकाशात सुटतो आणि ते इवलेसे निळे खोके, पाण्याच्या भोवऱ्यात सापडलेल्या काडेपेटीसारखे गरगरत, त्या झोताच्या ओढीने आत खेचले जाते. संगणकाचे चित्र नव्हे, हाताने घडविलेली प्रतिकृती; पाऊण मिनिटाचा हा तुकडा, आणि त्यावर आठ हजार पौंडांच्या घरात खर्च झाला. हात आखडता घेतलेल्या धन्याच्या घरातही एखादी गृहिणी सणाच्या दिवशी एक पक्वान्न जिद्दीने करते, तसे ते दृश्य आहे. आणि आज त्यापेक्षा शंभरपट खर्चाची दृश्ये आपण रोज पाहत असूनही ते डोळ्यांसमोरून हलत नाही.

मग पहिली कथा. लेखक रॉबर्ट होम्स. १९६८ पासून या मालिकेसाठी लिहिणारा, तिच्या उत्कृष्ट कालखंडात तीन वर्षे तिच्या संहितांची जबाबदारी वाहिलेला, तिच्या लेखकांतला बहुधा सर्वश्रेष्ठ. रॅव्होलॉक्स नावाच्या परक्या ग्रहावर डॉक्टर आणि त्याची सोबतीण पेरी हिंडत असतात, भुयारात उतरतात, धुळीने माखलेली एक पाटी पेरीच्या हाताखाली येते आणि तीवर अक्षरे निघतात ती ‘मार्बल आर्च’ या लंडनच्या भुयारी रेल्वे-स्थानकाची. हा परका ग्रह म्हणजे आपलीच पृथ्वी, कोणीतरी उचलून दोन प्रकाशवर्षे दूर नेऊन ठेवलेली. जमिनीखाली राहणाऱ्या लोकांपाशी पुरातन संस्कृतीचे तीन पवित्र ग्रंथ शिल्लक आहेत: एक ‘मोबी डिक’, दुसरा ‘द वॉटर बेबीज’, आणि तिसरा, ज्याचे गूढ उकलण्यात पंडितांची हयात चालली आहे, तो सरकारी छापखान्याने प्रसिद्ध केलेला, ब्रिटनमधील कॅनडा-हंसांच्या वसतिस्थानांविषयीचा अहवाल! ही थट्टा वरवर पाहता हलकीफुलकी आहे, पण होम्सची जात ओळखणाऱ्याला तिच्यातला काटा लगेच लागतो. एखाद्या जगातून काय उरावे हे त्या जगाच्या योग्यतेवर ठरत नाही. दफ्तरात काय पडून राहिले त्यावर ठरते, आणि दफ्तरात काय ठेवावयाचे ते दफ्तरदार ठरवितो. चौदा भागांच्या या साऱ्या खटल्याचे बीज येथे आहे. याच कथेच्या संहितेवर नाट्यविभागाचे प्रमुख जोनाथन पॉवेल यांनी तपशीलवार नापसंतीचा शेरा मारला. होम्स तेव्हा आजारी होता. त्या शेऱ्याने तो दुखावला, आणि सॉवर्ड तर कायमचा बिथरला. कथा निर्दोष आहे असे मी म्हणत नाही, तिची गती मंद आहे आणि तिच्या यंत्रमानवांकडे पाहून भीती वाटत नाही. परंतु चाळीस वर्षांनंतर लोकांना तो हंसांचा अहवाल आठवतो, शेऱ्यातले एक वाक्यही कोणाला आठवत नाही.

दुसरी कथा फिलिप मार्टिनची, ‘माइंडवॉर्प’ या नावाने ओळखली जाणारी. आणि माझ्या मते हिच्यापाशी टीकाकारांची सर्वांत मोठी चूक झाली आहे. न्यायालयात पडद्यावर जे दिसते त्यात डॉक्टर स्वतःचा जीव वाचविण्यासाठी सोबतिणीला दगा देतो, समुद्रकाठच्या खडकाला तिला साखळीने जखडून तिची उलटतपासणी घेतो. आरोपी डॉक्टर ते पाहून गोंधळतो, कारण त्याला तसे आठवत नाही. हे खरे की पुराव्यात फेरफार केलेला आहे? की त्या वेळी त्याचे डोके ताळ्यावर नव्हते? की तो सोंग घेत होता? संहिता याचे उत्तर देत नाही, आणि कॉलिन बेकरने पुढे अनेकदा सांगितल्याप्रमाणे त्याने लेखकाला विचारले तर लेखकाने संपादकाकडे बोट दाखविले आणि संपादकाला विचारले तर त्याने लेखकाकडे. टीकाकार हा किस्सा पर्वाच्या बेबंदशाहीचा नमुना म्हणून सांगतात, आणि बेबंदशाही ती होतीच. पण परिणाम काय झाला ते पाहावयास कोणी थांबत नाही. ज्याला आपली भूमिका खरी की खोटी हे सांगितले गेलेले नाही असा नट, ज्याला आपली स्मृती खरी की खोटी हे ठाऊक नाही अशा माणसाचे काम करतो आहे. त्याच्या चेहऱ्यावरचा संभ्रम अभिनयाचा आहे की त्याचा स्वतःचा, हे वेगळे काढता येत नाही. आणि मग आठव्या भागाचा शेवट: डोक्याचा चकोट केलेली पेरी, तिच्या देहात घुसविलेले एका जळूसारख्या धनकोचे मन, तिच्या तोंडून निघणारा तो परका, हावरा स्वर, आणि तिला वाचविण्याऐवजी मारावयास कालाधिपतींनीच वापरलेला राजा इरकॅनॉस. गोळी सुटते, पडदा पांढरा होतो, आणि न्यायालयात तो धिप्पाड, आवाजी, एरवी शब्दांचे फटाके उडविणारा डॉक्टर अगदी हळू आवाजात बोलू लागतो. अपात्र नटाला हे साधत नाही. निकोला ब्रायंटचेही नाव येथे घेतले पाहिजे. त्या अर्ध्या मिनिटाइतके भयंकर काम तिच्या वाट्याला आधी कधी आले नव्हते.

पुढे चौदाव्या भागात पेरी मेली नाही, तिने त्या राजाशी लग्न केले असे एका वाक्यात सांगून, गुलाबी चौकटीत दोघे हसताना दाखवून, लेखकांनी या दृश्याची माती केली, हा आरोप मला मान्य आहे. तो मी वकिली करून टाळणार नाही.

तिसरी कथा पिप आणि जेन बेकर या दांपत्याची, अवकाशातील जहाजावरच्या खुनांची व माणसाएवढ्या वनस्पतींची. तिच्याविषयी फार बोलावेसे वाटत नाही. या दांपत्याच्या पात्रांना साधे बोलण्याचे वावडे आहे, जणू काही शब्दकोशाने त्यांना वेठीस धरले आहे. परंतु एक गोष्ट फिर्यादीच्या नजरेतून सुटते: ही कथा डॉक्टरने आपल्या बचावासाठी दाखविलेली आहे, आणि तीच पाहून फिर्यादी वकील आरोप वाढवून घेतो, कारण तिच्या शेवटी डॉक्टर त्या वनस्पतींची जातच्या जात नष्ट करतो. ढवळाढवळीचा आरोप वंशसंहाराचा होतो. बचावाचा कागद आरोपपत्राला जोडला जातो. हिंसा कमी करून दाखविली तर शिळेपणाचा आरोप, विनोद वाढवून दाखविला तर उथळपणाचा, बी.बी.सी.च्या इमारतीत दीड वर्षे जे चालले होते त्याचे इतके नेमके चित्र त्या अलंकृत भाषेच्या दांपत्याने कळत की नकळत काढले, ते मला सांगता येणार नाही.

आता चौदावा भाग, म्हणजे फिर्यादीचा ब्रह्मास्त्राचा मुद्दा. शेवटचे दोन भाग होम्सने लिहावयाचे होते. २४ मे १९८६ रोजी तो वारला. तेरावा भाग सॉवर्डने हातात घेऊन पुरा केला आणि चौदावा होम्सशी झालेल्या बोलण्यावरून लिहिला; त्यात डॉक्टर आणि फिर्यादी परस्परांच्या मिठीत झुंजत काळाच्या विवरात कोसळतात आणि पुढे काय झाले ते सांगितलेलेच नाही, असा शेवट होता. नेथन-टर्नरला तो नको होता, कारण असा शेवट वरिष्ठांच्या हाती दिला तर ते मालिका तेथेच संपली असे म्हणून मोकळे होतील अशी त्याला धास्ती. सॉवर्डने राजीनामा दिला होताच. त्याने आता ती संहिताही काढून घेतली. मग निर्मात्याने बेकर दांपत्याला बोलाविले, आणि कायद्याच्या भीतीने त्यांना मूळ शेवट काय होता याचा एक शब्दही सांगता येईना. तेरावा भाग त्यांच्या हाती ठेवला आणि मोजक्या दिवसांत चौदावा मागितला. जो कोडे घालून गेला तो मेलेला, ज्याला उत्तर ठाऊक होते तो रागावून गेलेला, आणि ज्यांनी सोडवावयाचे त्यांना विचारण्याची बंदी! तो भाग गोंधळाचा आहे यात नवल नाही. तो पाहता येण्याजोगा झाला, आणि पंचविसाऐवजी तीस मिनिटांचा करावा लागण्याइतका भरगच्च झाला, यात आहे.

माझ्या मते दोष द्यावयाचाच तर निर्माता आणि संपादक या दोघांनाही द्यावा लागेल. नेथन-टर्नरने डॉक्टरच्या अंगावर जो रंगीबेरंगी डगला चढविला, तो पाहून डोळे दिपतात असे म्हणणे हे सौजन्य झाले. खरे तर ते चुरचुरतात. गोधडी म्हणावे तर गोधडीला निदान आजीच्या नजरेची शिस्त असते. आणि सॉवर्डने जाताना मासिकाला मुलाखत देऊन घरातली भांडी चव्हाट्यावर आणली, ती त्याने आणावयास नको होती. पण या दोघांनी मिळून केलेल्या चुकांची किंमत वसूल करण्यात आली ती तिसऱ्याकडून. कॉलिन बेकरला काढा, हा हुकूम सुटला. पुढल्या पर्वाच्या आरंभी चार भागांत येऊन मरून जा, अशी एक सवलत त्याला देऊ करण्यात आली, ती त्याने नाकारली, आणि कोणत्याही स्वाभिमानी नोकराने नाकारली असती. तेव्हा त्या पर्वाच्या पहिल्या कथेच्या, म्हणजे ‘टाइम अँड द रानी’च्या, पहिल्या मिनिटात मॅकॉयलाच कुरळ्या केसांचा टोप घालून पालथे निजविले, उताणे केले, आणि कायापालट उरकला. इतर डॉक्टरांना निरोपाची शेवटची वाक्ये मिळाली. कॉलिन बेकरच्या पडद्यावरील डॉक्टरच्या तोंडचे अखेरचे शब्द आहेत, नवी सोबतीण मेल त्याला व्यायाम व पथ्य लावणार या भीतीने तीनदा काढलेला उद्गार: गाजराचा रस.

याच नटाने १९९९ पासून बिग फिनिश या संस्थेच्या ध्वनिनाट्यांत तीच भूमिका पुन्हा केली, आणि तेथे, जेथे डगला दिसत नाही आणि संहिता विचारपूर्वक लिहिलेली असते, त्याच्या डॉक्टरची गणना उत्तमांत होऊ लागली. रॉबर्ट शिअरमनने त्याच्यासाठी लिहिलेल्या ‘ज्युबिली’ या ध्वनिनाट्यावरून पुढे २००५ च्या पुनरुज्जीवित मालिकेतली ‘डालेक’ ही कथा निघाली, आणि तिचे कौतुक करणाऱ्यांत कॉलिन बेकरला नावे ठेवणारेही होते. तर दुसरीकडे ज्या ग्रेडसाहेबांनी ही मालिका २००२ साली ‘रूम १०१’ या कार्यक्रमात, आपल्याला नकोशा वस्तूंच्या कोठडीत हसत हसत टाकली, तेच, ती पुन्हा सुरू होऊन देशभर गाजत असताना, बी.बी.सी.च्या अध्यक्षपदावर होते. दैवाच्या या विनोदापुढे होम्सने हात टेकले असते.

परंतु मला अधिक नवल वाटते ते ग्रेडांचे नव्हे. या पर्वाला सर्वांत कठोर शब्द लावले ते शत्रूंनी नव्हे, भक्तांनी. पर्व संपल्यावर लगेच, १९८६ च्या डिसेंबरात, बी.बी.सी.च्या ‘ओपन एअर’ या कार्यक्रमात पिप आणि जेन बेकर यांच्यासमोर काही चाहते बसविण्यात आले, आणि त्यांत एका सोळा वर्षांच्या मुलाने, लेखन पठडीतले आहे, याहून चांगले हवे होते, अशा आशयाची झडती त्या वयोवृद्ध दांपत्याची घेतली. त्या मुलाचे नाव ख्रिस चिबनॉल. २०१८ मध्ये तोच या मालिकेचा प्रमुख लेखक झाला, आणि २०२० च्या पर्वात त्याने डॉक्टरच्या जन्मकथेत जो फेरफार केला त्यावरून चाहत्यांनी त्याची जी झडती घेतली ती पाहता, बेकर दांपत्याची कोणीतरी आठवण काढावयास हवी होती. तेविसाव्या पर्वातल्या खटल्यात शेवटी असे उघडकीस येते की व्हॅलियार्ड हा फिर्यादी वकील म्हणजे डॉक्टरच, त्याच्याच पुढल्या जन्मांमधल्या काळोखाचा अर्क. पुराव्यात फेरफार करण्याबद्दल त्याला कबूल झालेला मेहनताना म्हणजे आरोपीचे उरलेले जन्म. आणि ज्यांनी हा खटला भरला त्या कालाधिपतींच्या वरिष्ठांनीच आपले गुपित झाकण्यासाठी पृथ्वी उचलून दूर फेकली होती. हे कथानक अशक्य, अतिरंजित आहे, असे टीकाकार म्हणतात. मला ते त्या वर्षातल्या साऱ्या घटनांत सर्वांत संभवनीय वाटते.

आणि या कथेचा शेवट बहुतेकांना आठवतो तो गाजराच्या रसाचा. त्यानंतरची काही सेकंदे कोणी सांगत नाही. खटला मोडला आहे, आरोपी निर्दोष सुटून आपल्या खोक्यात बसून निघून गेला आहे, फिर्यादी मेला असे सगळ्यांनी धरले आहे. न्यायासनावरची बाई, लिंडा बेलिंगहॅम, दफ्तराच्या रखवालदाराला, म्हणजे कालाधिपतींचे सारे ज्ञान जेथे साठविलेले असते त्या मॅट्रिक्सच्या किल्ल्या ज्याच्या हाती असतात त्याला, दुरुस्तीचे पाहावयास सांगून निघून जाते. रखवालदार पाठमोरा उभा आहे. तो वळतो, आणि त्या झग्यात व्हॅलियार्ड असतो.